शंभरातली दोन पॅकेटं

टीसीपी म्हणजे काय, असं संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला विचारलं तर उत्तर तयार असतं: पोच मागणारा, हरवलेलं पुन्हा पाठवणारा भरवशाचा प्रोटोकॉल. उत्तर बरोबर आहे. पण १०० मेगाबिटच्या जोडणीवर शंभरातली दोन पॅकेटं वाटेत गळाली तर वेग किती उरेल? सहज सुचणारा आकडा ९८. आता लिनक्सवर नेटेम वापरून २ टक्के गळती आणि जाऊन-येऊन १०० मिलिसेकंदांचा विलंब लावा, टीसीपीची जुनी रेनो पद्धत निवडा आणि आयपर्फने मोजा. वेग येतो १ मेगाबिटच्या आसपास. व्याख्या कितीही घोकली तरी हा आकडा हाती लागत नाही. पॅकेट गळालं म्हणजे वाटेत गर्दी झाली असं टीसीपी समजतो आणि पाठवणी निम्म्यावर आणतो; सावरून वर चढेपर्यंत पुढचं पॅकेट गळालेलं असतं. आलेखावर करवतीच्या दात्यांसारखा हा चढउतार पाहिला, की ‘कंजेशन विंडो’ (पोच येण्याआधी किती पाठवायचं याची मर्यादा) या शब्दात जीव येतो.

माघार घेण्याची ही रीत १९८१च्या मूळ नियमावलीत, आरएफसी ७९३मध्ये, नव्हतीच. ऑक्टोबर १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथून जेमतेम ४०० यार्डांवरचं बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पोच येईना म्हणून संगणक तीच पॅकेटं पुन्हापुन्हा पाठवत होते आणि कोंडी वाढवत होते. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी १९८८मध्ये उपाय मांडला. पॅकेटं डोळ्यांनी पाहण्याचं टीसीपीडम्प हे साधनही जेकबसन यांच्याच गटाचं. प्रोटोकॉल सुधारणाऱ्यांनाही तो चालताना पाहावा लागला. शिकणाऱ्याला तो नुसत्या वाचनाने कळावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

साधनं बदलतात, तत्त्व टिकतं, म्हणून भर पुस्तकावरच हवा, असं काही जण म्हणतात. प्रयोगात मुलं फक्त आज्ञा टंकतात, असाही आक्षेप घेतला जातो. पायऱ्या आयत्या दिलेल्या असतील तर तो खराच आहे. म्हणून आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं आणि दोहोंतल्या फरकाचं कारण शोधायचं. ते कारण तत्त्वाशिवाय सापडत नाही, तेव्हा प्रयोगाने पुस्तक बाजूला पडण्याची भीती नको. खर्चाची अडचणही फारशी उरलेली नाही: पॅकेटं पकडणारं वायरशार्क आणि जाळ्याची नक्कल उभी करणारं मिनिनेट फुकट आहेत, आणि अख्खं जाळं एका साध्या लॅपटॉपवर उभं राहतं. प्राध्यापकांनी जर्नलमध्ये आकृत्या उतरवून घेणं थांबवावं. विद्यार्थ्याने स्वतः पकडलेली पॅकेटं आणि त्याचा चुकलेला अंदाज मागावा, आणि तो का चुकला हे नीट सांगणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत.