चेनसॉच्या साखळीतील दात्यांची मांडणी

पावसाळ्यात ट्रॉम्बे-चेंबूरच्या रस्त्यांवर उन्मळून पडणाऱ्या पर्जन्यवृक्षाचे अजस्र खोड आणि गुलमोहराची मनगटाएवढी फांदी यांना एकाच साखळीने न्याय देता येत नाही. कारण चेनसॉची कार्यक्षमता इंजिनाच्या सामर्थ्याइतकीच दात्यांमधील अंतरावरही अवलंबून असते.

● पूर्ण मांडणी : डावा-उजवा दाता आलटून-पालटून, मध्ये एकेक जोडकडी. २० इंचांपर्यंतच्या बारास (साखळी ज्याभोवती फिरते ती पट्टी) व फांद्या छाटण्यास सर्वथा योग्य; काप गुळगुळीत येतो.

● अर्धविरळ मांडणी : दात्यांमध्ये आळीपाळीने एक व दोन जोडकड्या. मध्यम लांबीच्या बारासाठी हा सुवर्णमध्य.

● विरळ मांडणी : प्रत्येक दात्यानंतर दोन जोडकड्या. २४ इंचांहून लांब बार जाड खोडात पूर्ण बुडाला असता ओला भुसा खाचेत दाटून साखळी जखडते. विरळ दात्यांमुळे त्यास बाहेर पडावयास अवकाश मिळतो व इंजिनावरील भारही हलका होतो. ८४ चालककड्यांच्या (बारच्या खाचेत बसून साखळी ओढणाऱ्या कड्यांच्या) साखळीत पूर्ण मांडणीत ४२ दाते, तर येथे २८. अर्थात कानस लावण्याचे श्रमही तितकेच कमी. मात्र काप खडबडीत येतो आणि बारीक फांद्यांत ही साखळी हिसके देते.

महाराष्ट्राच्या शहरी भागात उभे झाड तोडण्यापूर्वी १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमान्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेणे बंधनकारक आहे.