पॅकअपनंतर काय उरतं?

कोल्हापूरजवळच्या एखाद्या वाड्यात मालिकेचं शूटिंग असलं की सकाळचा बराच वेळ लाइटमनचा असतो. चौकात थेट पडणारं ऊन मऊ करायला वर पांढरं कापड ताणतात, खिडकीबाहेर स्टँडवर मोठा लाइट चढतो आणि तुळशीपाशी एक जण थर्मोकोलची पाटी धरून उभा राहतो. पाटीवरून परतलेला उजेड नायिकेच्या डोळ्यांखालची सावली पुसून टाकतो. पाटी वीतभर खाली झुकली तरी कॅमेरामनची हाक येते.

आधी मास्टर, म्हणजे सगळा प्रसंग एका शॉटमध्ये, मग एकेकाचे क्लोजअप. सासूची बाजू संपवून सुनेकडे वळायचं तर सगळे लाइट फिरवावे लागतात, म्हणून एका बाजूचं सारं आधी उरकून घेतात. मधल्या वेळात कपात चहा किती होता, पदर कुठल्या खांद्यावर होता, ही कंटिन्युइटी सहायक दिग्दर्शकाला सांभाळावं लागतं. एवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर टेपवर गाणं लावून जातो. साऊंडवाला हात वर करतो. टेक पुन्हा.

रोजच्या मालिकेला दिवसाकाठी वीस-बावीस मिनिटांचा भाग लागतो. ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका २०१६ मध्ये आली आणि तिच्यामुळे कोल्हापूरजवळच्या वसगड्याचा वाडा घराघरांत पोचला. २०२० साली ‘दख्खनचा राजा जोतिबा’चा सेट कोल्हापुरातल्या मोरेवाडीच्या सरकारी चित्रनगरीत उभा राहिला. वर्षानुवर्षं ओस पडलेल्या त्या माळावर सुतार, रंगारी, जेवणवाले, गाडीवाले यांच्या हाताला काम मिळालं. हे थोडं नाही.

पण पॅकअप झालं की त्या दिवसाचं फुटेज मुंबईची वाट धरतं. संकलन, डबिंग, पार्श्वसंगीत, वाहिनीची मंजुरी, सगळं तिकडे. कोल्हापूरच्या वाट्याला येते ती रोजंदारी, आणि रोजंदारी कधीही उठून जाऊ शकते. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे राज्यात चित्रीकरण थांबलं तेव्हा कित्येक मराठी मालिकांनी गोवा गाठला. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी थांबवली, तशी युनिटं आणखी पुढे सरकली. वाडा कुठेही शोधता येतो.

मूकपटांच्या काळात, चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात असं नव्हतं. त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी दोघांनी मनात धरलेला कॅमेरा बाबूरावांनी घडवून पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. सेट, वेशभूषा, पोस्टर, फिल्म धुणं, सगळं त्यांच्या एकाच कंपनीत चाले. दामले, फत्तेलाल, शांताराम तिथेच घडले, म्हणून १९२९ साली ते ‘प्रभात’ ही स्वतःची चित्रपट कंपनी काढू शकले. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ही कोल्हापुरातच झाला. पुढच्याच वर्षी प्रभात पुण्याला गेली, आणि शहरातल्या जाणत्यांना ती हुरहुर अजून आहे.

आज कॅमेरा घडवावा लागत नाही. संकलनाचं टेबल आणि डबिंगची बंद खोली चित्रनगरीत उभारणं शूटिंगचा नवा फ्लोअर बांधण्याहून स्वस्त पडेल. खरी उणीव माणसांची आहे. थर्मोकोल धरणाऱ्या पोराला चार वर्षांनी लाइटिंग ठरवायला मिळावं, कंटिन्युइटी लिहिणाऱ्या मुलीला कोल्हापुरात राहूनच पटकथा लिहिता यावी, यासाठी आज शहरात पुरेशी वाट नाही. सरकारने चित्रनगरीवर पुढचा पैसा खर्च करताना नव्या फ्लोअरआधी ती वाट बांधावी.