गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे

समाजकार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात ‘मुलाची हेळसांड कशी ओळखाल?’ असं विचारलं की हमखास उत्तर येतं, “घर बघितलं की कळतंच ना, मॅडम!” मळके कपडे, शेंबडं नाक, अनवाणी पाय. म्हणजे थोडक्यात, गरिबी. ऐकून ऐकून कान किटले.

जागतिक आरोग्य संघटनेने हिंसाचारावरच्या 2002 च्या अहवालात हा घोळ निस्तरला आहे: पालकांच्या आवाक्यात असूनही मुलाच्या गरजा भागवल्या जात नाहीत, तेव्हाच ती हेळसांड. आपला 2015 चा बाल न्याय कायदाही कलम 75 मध्ये शिक्षा ठेवतो ती जाणूनबुजून केलेल्या दुर्लक्षाला. हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांनी मूल सोडलं, तर ते मुद्दाम केलेलं नाही असंच तो धरून चालतो.

ऊसतोड मजुरांच्या कोपीबाहेर सहा वर्षांची ताई तान्ह्याला कडेवर घेऊन बसली आहे, असं समजा. गृहभेटीच्या अहवालात ‘आई निष्काळजी’ लिहून मोकळं होता येतं. पण हे विशेषण झालं, माहिती नव्हे. आई फडात किती वाजता गेली? मध्ये पाजायला येते का? ताप आला तेव्हा कुणाला दाखवलं? बाळ सहा महिन्यांपुढचं असेल तर दंडाला टेप लावा. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. अंगणवाडी किती लांब? उत्तरं लिहून काढली की कुठे पाळणाघर हवं, कुठे एकट्या आईला बालसंगोपन योजनेचे पैसे मिळवून द्यायचे आणि कुठे खरोखरच बालकल्याण समितीकडे जायचं, ते उमगतं.

बाकीचे समज किरकोळ, पण चिवट. ‘सुखवस्तू घरात असलं काही नसतं’: मधुमेही पोराच्या इन्सुलिनची आठवण फक्त मोलकरणीला असेल, तर फ्रिज भरलेला असून काय उपयोग? ‘अंगावर वळ नाहीत, मग घाई कसली?’ घाई घटत्या वजनाची असते. ‘मूल उचला, संस्थेत ठेवा’: कायद्याच्या लेखी संस्था हा शेवटचा उपाय. आणि ‘आधी पुरावा, मग 1098 या बाल हेल्पलाइनला फोन’: अहो, फोनला रास्त शंका पुरते. चौकशी करणं हे बालकल्याण समितीचं काम, आणि सामाजिक तपासणी 15 दिवसांत उरकायचं बंधन कायद्यातच आहे.