शाळेचे दहापैकी गुण

अमेरिकेत सरकारी शाळा बहुधा पत्त्यावरून ठरते. त्या पत्त्यांचा पट्टा म्हणजे प्रवेशक्षेत्र (शाळेची हद्द). घर शोधणारे ‘झिलो’ या घरांच्या संकेतस्थळावर किमतीसोबत ‘ग्रेटस्कूल्स’ या संस्थेने शाळेला दिलेले दहापैकी गुणही पाहतात. नऊ गुण म्हणजे उत्तम शिकवणे, असा सर्रास समज असतो.

पण त्या गुणांत परीक्षेच्या निकालांचा वाटा मोठा, आणि निकालांवर घरच्या उत्पन्नाची छाप. ठाणे लोकल कर्जतच्या लोकलपेक्षा कमी वेळात सीएसएमटी गाठते, म्हणून तिचा मोटरमन सरस ठरत नाही. चढ्या गुणांच्या हद्दीत घरे महागतात. ऐपत नसलेली कुटुंबे, त्यात कृष्णवर्णीय पुष्कळ, आपोआप बाहेर राहतात.

हद्द मात्र आपोआप पडत नाही, ती आखली जाते. अलाबामातल्या गार्डनडेल शहराला जेफरसन काउंटीतून फुटून स्वतःचा शालेय जिल्हा (शाळा चालवणारे मंडळ) हवा होता, काउंटीने बांधलेल्या नव्या हायस्कूलसकट! त्यामागे वांशिक हेतू असल्याचा निष्कर्ष उचलून धरत अपील न्यायालयाने २०१८मध्ये ते रोखले.