आमच्या तालुक्याचा योगक्षेम

गेल्या दिवाळींत आमच्या शिंदखेड्याच्या जुन्या घरीं चारी भावांचीं बिऱ्हाडें पुष्कळ वर्षांनीं एकत्र जमलीं होतीं. पाडव्याच्या दुपारीं जेवणें आटोपून मंडळी ओट्यावर बसली असतां पुण्यास नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्यानें विषय काढला, “अण्णाकाका, नरडाण्याला नवी रेल्वे येत आहे, तापीचें पाणी वर येणार आहे. आपल्या सात एकरांचा भाव दुप्पट होईल. तेव्हां ती विकून टाकलेली बरी. येथें राहून पाहणार कोण?” तीच जमीन तीस वर्षें बटाईनें कसणारे आबा फराळासाठीं आले होते. ते खांबाशीं बसून सर्व ऐकत होते. बऱ्याच वेळानें ते आपल्या अहिराणींत एवढेंच म्हणाले, “मास्तर, पानी जवय यी तवय यी, पन वाटा कोन करी?” पाणी यायचें तेव्हां येईल, पण त्याचे वाटे कोण करणार?

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. संस्कृत शिकवितांना आमचे शास्त्रीबुवा एका शब्दाची फोड वारंवार करून सांगत. तो शब्द म्हणजे ‘योगक्षेम’. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें तें राखणें हें क्षेम. पुतण्या योगाविषयीं बोलत होता, आबा क्षेमाविषयीं विचारीत होते. आमच्या तालुक्याच्या भवितव्याचा सारा वाद या दोन शब्दांत सामावलेला आहे, असें मला वाटतें.

वाचकांपैकीं पुष्कळांनीं हा भाग आगगाडीच्या खिडकींतूनच पाहिला असेल. शिंदखेडा हा धुळें जिल्ह्यांतील चार तालुक्यांपैकीं एक. उत्तरेस तापी, तिच्या पलीकडे शिरपूर तालुका. मुडावदजवळ पांझरा तापीस मिळते, आणि बुराई नदी खुद्द शिंदखेड्यावरून जाते. नकाशा पाहणाऱ्यास वाटावें कीं, येथें पाण्याची ददात नसावी. परंतु हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. तापी खोल पात्रांतून वाहते आणि शेतें उंचावर राहतात. पावसाळ्याचा पूर उकाईच्या जलाशयाकडे निघून जातो, आणि उन्हाळा लागतांच विहिरींचे तळ दिसूं लागतात. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सरकारनें राज्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत धुळें जिल्ह्यांतला एकच तालुका होता, आणि तो आमचा.

भाग्य या मुलखाच्या दारीं आलेंच नाहीं असें मात्र नव्हे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें, तेव्हां विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला. युद्ध संपलें, भाव कोसळला, आणि तेजीच्या भरंवशावर काढलेलें कर्ज तेवढें कुणब्याच्या अंगावर राहिलें. पुढें १९०० च्या सुमारास सुरतेहून अंमळनेरपर्यंत ताप्ती व्हॅली रेल्वे झाली. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद हीं स्थानकें तिच्याच मार्गावरचीं. गाडी आली, आणि त्याच सुमारास छप्पनचा भयंकर दुष्काळही आला. रूळ होते, पेठ होती, पण कोरड्या विहिरीस रुळांचा काय उपयोग? दोन्ही वेळां योग जुळून आला होता, पण क्षेमाची तजवीज कोणीं केलेली नव्हती.

आतां तिसरी वेळ येत आहे, आणि ती पहिल्या दोहोंपेक्षां मोठी आहे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजीं धुळ्यास सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेचें भूमिपूजन झालें. पावसाळ्याच्या १२४ दिवसांत तापीचें सुमारें ९ अब्ज घनफूट पुराचें पाणी उचलावें आणि सुमारें १०० गांवांतील ३३ हजार हेक्टर जमीन भिजवावी, अशी तिची आंखणी आहे. त्याच दिवशीं धुळें-नरडाणा रेल्वेमार्गाचीही कोनशिला बसली. सप्टेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गास मंजुरी दिली. मुंबई-आग्रा रस्ता नरडाण्यावरून पूर्वींपासूनच जातो, आणि औद्योगिक वसाहतही तेथें आहे. या सर्वांचा मला मनापासून आनंद आहे. चाळीस वर्षें ज्यानें मुलांना घरून तांब्याभर पाणी घेऊन शाळेंत येतांना पाहिलें, तो पाण्याच्या योजनेस नांवें ठेवणार नाहीं.

परंतु उपशाचें पाणी विजेवर चढतें, आणि विजेचें बिल दरमहा येतें. सांगलीकडील ताकारी, म्हैसाळ या मोठ्या योजनांचे पंप थकबाकीपायीं बंद राहिल्याचे प्रसंग महाराष्ट्रानें पाहिले आहेत. योजना बांधणें सरकारच्या हातीं असतें, ती चालविणें पाणी घेणाऱ्यांच्या एकीवर अवलंबून असतें. ज्याचें शेत पाटाच्या तोंडाशीं आहे त्यानें ऊस लावला, तर शेवटच्या माणसाच्या ज्वारीस काय उरणार? आबांचा प्रश्न हाच होता.

या प्रश्नाचें एक उत्तर आमच्याच नद्यांच्या कांठीं शतकानुशतकें नांदत होतें. पांझरेच्या खोऱ्यांत फड पद्धति होती. नदीवर दगडी बंधारा घालून पाट काढावयाचा. भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार फड पाडावयाचे. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, आणि दरसाल तें पीक एका फडांतून दुसऱ्यांत फिरवावयाचें. बहुतेकांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडांत असे. शेतास पाणी मालकानें स्वतः द्यावयाचें नाहीं, तें गांवानें नेमलेला पाटकरी देई. हवालदार देखरेख ठेवी, जागल्या पिकाची राखण करी. पाणी कमी असेल त्या वर्षीं किती फड भिजवावयाचे हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. त्यामुळें टंचाईचा भार एकट्यादुकट्याच्या माथीं न पडतां सर्वांवर वांटला जाई. या पद्धतींतही उणीव होती. ज्याला जमीनच नाहीं, त्याला तींत वाटा नव्हता. पुढें वरच्या बाजूस धरणें झालीं, घरोघर विहिरी व पंप आले, आणि पुष्कळ ठिकाणीं फड मोडले. बंधारे राहिले, पण वांटून घेण्याची सवय गेली.

ही सवय पुन्हां लावतां येते, याचीं उदाहरणें दूर शोधावयास नकोत. तापीच्या पलीकडे शिरपूर तालुक्यांत भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनीं नाले खोल-रुंद करून व त्यांवर बंधारे घालून पावसाचें पाणी जमिनींत मुरविलें. आमच्याच जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत बारीपाडा या लहानशा आदिवासी पाड्यानें चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें स्वतःच नियम घालून आपलें जंगल राखलें. २०२५ सालीं पवारांना पद्मश्री मिळाली. नियम गांवानें केला, म्हणून तो गांवानें पाळला.

उलट, जेथें माणसाला विचारलें जात नाहीं तेथें काय होतें, हेंही आमच्या तालुक्यानें पाहिलें आहे. विखरण येथील धर्मा पाटील हे ऐंशी ओलांडलेले शेतकरी. त्यांची जमीन वीजप्रकल्पासाठीं घेण्यांत आली. मोबदला फार थोडा मिळाला, आणि आंब्याचीं झाडें हिशेबांत धरलीं नाहींत, अशी त्यांची तक्रार होती. अर्ज करून करून ते थकले, आणि २२ जानेवारी २०१८ रोजीं मुंबईस मंत्रालयांतच त्यांनीं जीव देण्याचा प्रयत्न केला. त्या महिन्याच्या २८ तारखेस ते इस्पितळांत निवर्तले. त्यानंतर फेरमूल्यांकनाचीं चक्रें फिरलीं. जो हिशेब जिवंत माणसाच्या अर्जावर व्हावयास हवा होता, तो त्याच्या मरणाची वाट पाहत राहिला! राजकारण म्हणजे निवडणुकीची धामधूम असें आपण समजतों. माझ्या मतें, म्हाताऱ्या शेतकऱ्याचा अर्ज तालुक्याच्या गांवींच वाचला जाणें, हें खरें राजकारण होय.

आणखी एक गोष्ट शिक्षक या नात्यानें सांगितली पाहिजे. दिवाळीची सुटी संपली कीं माझ्या वर्गांतले कांहीं पाट रिकामे दिसत. तीं मुलें बहुधा भिल्लांच्या वस्तीवरचीं असत. आईबाप गुजराथेंत बार्डोलीकडे उसतोडणीस जात आणि मुलांनाही बरोबर नेत. वैशाखांत तीं परत येत, तोंवर परीक्षा होऊन गेलेली असे. जीं मुलें शिकलीं, त्यांतलीं पुष्कळ सुरतेस कारखान्यांत किंवा पुण्यास कचेरींत गेलीं. म्हणजे न शिकलेला पोटासाठीं गेला आणि शिकलेला पगारासाठीं गेला. आमच्या घरांतून तरी काय निराळें झालें? कूळकायद्यानंतर आमच्यासारखीं कित्येक कुटुंबें गांवांतून उठलीं. त्यांस मी दोष देत नाहीं. परंतु सातबाऱ्यावर नांव आपलें आणि घाम दुसऱ्याचा, असें जेथें आहे, तेथें भाव वाढल्याचा आनंद एकट्यानें मानणें मला बरें वाटत नाहीं.

उद्यां रेल्वेसाठीं किंवा कारखान्यासाठीं जमीन गेली, तर पैसा सातबाऱ्यावरच्या नांवास मिळेल. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानें तीन वर्षें कसणाऱ्या बटाईदारासही बाधित कुटुंबांत धरलें आहे खरें, पण पुराव्यास कागद हवा, आणि कागद कोणी करून देत नाहीं. “लिहून दिलें कीं कूळ लागेल,” ही भीति घरोघर आहे. आमच्या घरींही ती होती, आणि मीही ती तीस वर्षें बाळगली, हें कबूल केलें पाहिजे. मुलांना योगक्षेमाचा अर्थ शिकवितांना आपल्याच शेताचें क्षेम कोण राखीत आहे, हें मला दिसलें नाहीं.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांस माझी विनंती आहे. गांवास देणगी नको, देऊळ बांधावयास नको. पाणीवापर संस्थेच्या सभेला वर्षांतून एकदां या. हिशेब वाचतां येतो तो वाचून दाखवा. अडाण्याचा अर्ज लिहून द्या आणि त्याची पोंच त्याच्या हातांत ठेवा. उसतोडीस जाणाऱ्यांच्या मुलांसाठीं चार महिने कोणाच्या घरीं दोन वेळचें जेवण आणि एक कंदील निघाला, तर एक वर्ग वांचेल. आणि आपली जमीन जो कसतो, त्याचा वाटा आपल्या हयातींत ठरवून टाका.

मीं स्वतः मार्गशीर्षांत तिन्ही भावांस पत्रें लिहिलीं. जमीन विकली गेली किंवा सरकारनें घेतली, तर आलेल्या पैशांतून आबांस ठराविक वाटा मिळावा, आणि तसें आपण चौघांनीं सही करून ठेवावें, असें सुचविलें. दोघांनीं होकार कळविला आहे. तिसऱ्या भावाच्या वतीनें पुण्याहून पुतण्याचें पत्र आलें. तो रागावेल असें मला वाटलें होतें. त्यानें एकच ओळ लिहिली आहे, “अण्णाकाका, वाटा किती, तें आबांनाच विचारून कळवा.”

उद्यां सकाळीं मी शेतावर जाणार आहे.