नाटकातल्या गाण्याची चाल कोण बसवतं?



गेल्या ८ मार्चला आमच्या गटांनी गावात पारावर एक छोटं नाटक केलं. विषय होता, घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव. गाणं घेतलं सिनेमाच्या चालीवर. मोबाइलमधलं संगीत मोठ्या स्पीकरला जोडलं आणि आम्ही आठ जणी त्यावर गायला लागलो. चाल उंच होती. दुसऱ्या कडव्याला निम्म्या जणींचे आवाज फाटले, बाकीच्या नुसतं तोंड हलवत राहिल्या. आणि ग्रामपंचायतीत अर्ज कसा करायचा, ते नेमकं त्याच कडव्यात होतं. कार्यक्रम संपल्यावर एका बाईंनी मला विचारलं, "ताई, नाव लावायला कुणाला भेटायचं म्हणालात?" महिनाभर तालीम केली आणि कामाचं वाक्यच पोचलं नाही. ती चाल मीच निवडली होती.

मोठ्या नाटकात हे सगळं सांभाळायला एक माणूस असतो. त्याला संगीत दिग्दर्शक म्हणतात. आपल्याला वाटतं, त्याचं काम म्हणजे पेटी वाजवणं. पण पेटी वाजवणारा वेगळाही असू शकतो. संगीत दिग्दर्शकाचं बरंचसं काम पडदा उघडण्याआधीच झालेलं असतं.

सगळ्यात आधी तो नाटक वाचतो आणि गाणं कुठं हवं, कुठं नको, हे नाटककार आणि दिग्दर्शकाबरोबर बसून ठरवतो. आपल्या मराठी संगीत नाटकाची मोठी सुरुवात झाली १८८० साली, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'पासून. त्या नाटकात दोनशेच्या आसपास पदं होती. साकी, दिंडी अशा लोकांच्या कानात बसलेल्या चाली अण्णासाहेबांनी त्यात वापरल्या. पुढे चाली देण्याचं काम मुद्दाम गाण्यातल्या जाणकारांकडे जाऊ लागलं. १९११ च्या 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, तर १९१६ च्या 'स्वयंवर'च्या भास्करबुवा बखले यांच्या. पण एकेक पद रंगत जायचं, वन्स मोअर मिळायचा आणि नाटक रात्र रात्र चालायचं. गोष्ट तिथंच थांबून राहायची.

गोव्यातल्या मंगेशीचे पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी १९६४ साली 'मत्स्यगंधा'ला संगीत दिलं, तेव्हा गाणी मोजकी ठेवली, आटोपशीर ठेवली. त्यांचं १९६७ चं 'कट्यार काळजात घुसली' तर दोन घराण्यांच्या गायकांची गोष्ट आहे. दोघांची गायकी वेगळी आहे, हे राग न कळणाऱ्या माणसालाही नुसतं ऐकून समजलं पाहिजे, नाहीतर त्यांचं भांडणच कळणार नाही. ते वेगळेपण संवादातून सांगून भागत नाही. ते चालीतूनच दाखवावं लागतं.

दुसरं काम पट्टी ठरवण्याचं. पट्टी म्हणजे आपण गाणं कुठल्या सुरापासून उचलतो ते. पेटीवर बायकांचा आवाज साधारण काळी चार-पाचच्या आसपास बसतो, पुरुषांचा काळी एक-दोनच्या. पण प्रत्येक गळा वेगळा. नट काही सगळेच गवई नसतात, आणि स्टेजवर त्यांना चालत, वळत, कधी रडत गायचं असतं. म्हणून संगीत दिग्दर्शक आधी गळा ऐकतो, मग चाल पक्की करतो. आमचं उलट झालं होतं. चाल आधी आली आणि गळे तिच्यामागे फरफटत गेले.

तिसरं काम, कुठलं वाद्य कुठं आणि किती. शब्द चालू असताना ढोलकी खाली हवी, शब्द संपले की तिनं वर यावं. आणि काही ठिकाणी काहीच वाजू नये, हेही तोच ठरवतो.

चौथी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. संगीत न बोलता सांगू शकतं. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली आलं. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, संगीत भास्कर चंदावरकर यांचं. त्यात पुरुषांची एक रांगच्या रांग भिंतीसारखी उभी असते. तीच माणसं देवाचं भजन म्हणतात, आणि घरी बायका एकट्या टाकून बावनखणीत नाच बघायलाही तीच जातात. कीर्तन चालता चालता लावणीत शिरतं. "बघा हे कसे ढोंगी" असं कुणी म्हणत नाही. चाल बदलते आणि आपल्याला सगळं समजतं. त्या नाटकात घाशीराम स्वतःच्या मुलीचा सौदा करतो. आजूबाजूला देवाचं नाव चालू असताना ते पाहणं फार जड जातं.

आता आपल्या कामाचं बोलू. आमच्या गटात साठीच्या एक काकू आहेत. जात्यावरच्या ओव्या त्यांना तोंडपाठ आहेत. पण नाटक बसवताना आम्ही त्यांना बसायला खुर्ची दिली होती, मत विचारलं नव्हतं. या वेळी संगीताचं काम त्यांच्याकडेच दिलं. त्यांनी आधी स्पीकर बंद करायला लावला. मग प्रत्येकीला गाण्यातली सगळ्यात उंच ओळ एकटीला म्हणायला सांगितली. जिथं गळा अडला, तिथं गाणं खालून उचललं. अर्जाचं कडवं त्यांनी ओवीच्या चालीत घातलं, कारण ओवीत शब्द सुटा सुटा ऐकू येतो, घाई नसते. साथीला फक्त टाळ. आणि "नाव लावा" या शब्दांनंतर टाळसुद्धा थांबवला.

मग शेजारच्या वाडीत प्रयोग केला. तिथंही बायका भेटायला आल्या. पण या वेळी त्यांचा प्रश्न होता, "अर्जाला कागद कोणते लागतात?" म्हणजे कुणाकडे जायचं, हे त्यांना गाण्यातूनच कळलं होतं.

तुम्ही नाटक बसवाल तेव्हा एका बाईकडे फक्त हेच काम द्या. तिला पेटी आली नाही तरी चालेल, कान चांगला हवा. तालमीला तिनं गाणाऱ्यांत उभं न राहता शेवटच्या रांगेच्या जागी बसावं. तिथून ज्या ओळीचे शब्द कळत नाहीत, ती ओळ बदलावी, चाल कितीही आवडीची असली तरी.