गुप्तता कोणापासून?

राज्यसंस्थेला काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, याविषयी समंजस नागरिकाचा वाद असण्याचे कारण नाही. वाद आहे तो इतकाच, की ही गुप्तता कोणापासून पाळावयाची? वर्धा जिल्ह्यातील पुलगावने हा प्रश्न प्राणांचे मोल देऊन विचारला आहे.

येथील मध्यवर्ती दारूगोळा भांडार देशातील सर्वांत मोठे. ३१ मे २०१६ रोजी उत्तररात्री तेथील रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्यास आग लागली. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह किमान सोळा जण प्राणास मुकले. आसपासच्या खेड्यांतील लोकांना रातोरात घरे सोडावी लागली. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी, जवळच सोनेगाव आबाजी येथे, जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागेवर स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत बहुतेक कंत्राटी मजूर होते.

सुरुंग किती व कोठे ठेवले आहेत, हे शत्रूस कळता कामा नये, हे मान्य. परंतु ते सदोष होते काय, धोका आधी कोणाच्या लक्षात आला होता काय, पुन्हा आग लागल्यास पोराबाळांना घेऊन कोणत्या वाटेने निघावे, हे कुंपणालगत नांगर धरणाऱ्या शेतकऱ्यास का कळू नये? तो काही शत्रू नव्हे.

शासकीय गुपिते कायदा १९२३ सालचा. प्रजेकडे संशयाने पाहणाऱ्या परकीय सत्तेने तो केला आणि स्वराज्यातही तो टिकला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने त्याला मर्यादा घातली. संभाव्य हानीहून लोकहित अधिक असेल, तर गुपिते कायदा आडवा न येता माहिती देता येते, असे त्याचे कलम ८(२) सांगते; गुप्त भाग वगळून उरलेला देण्याची सोय कलम १० मध्ये आहे. म्हणजे उणीव कायद्यात नाही, ती वृत्तीत आहे. नवस्वतंत्र राष्ट्रांत राज्यकर्ते बदलतात, पण दप्तराची जुनी सवय सहसा बदलत नाही.

आमची अपेक्षा माफक आहे. अशा प्रत्येक अपघाताच्या चौकशीचे निष्कर्ष, संरक्षणाचा मर्मभाग वगळून, विधिमंडळापुढे आणि गावकऱ्यांपुढे मराठीत ठेवावेत. देशासाठी धोक्याच्या सावलीत राहणाऱ्यांना त्या धोक्याचे स्वरूप ठाऊक असणे, हा त्यांचा हक्क आहे; सरकारची मेहेरबानी नव्हे.